टोइंग गाडीचे मागचे चार टायर: खोपोलीच्या एका गाडीचं प्रकरण

गाडी आणि काम

हे प्रकरण खोपोलीच्या एका टोइंग गाडीचं आहे. मालक आणि ड्रायव्हर दोघांना विचारून लिहितोय, नावं आणि गाडीचा नंबर देत नाही. मी त्या मालकाच्या गाड्यांचं मेंटेनन्स बघतो, खर्चाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे यात जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे आणि तो पुढे येईलच.

गाडी सहा चाकी, टाटा ४०७ छोट्या ट्रकच्या वर्गातली, पुढे दोन चाकं आणि मागे चार, म्हणजे दोन्ही बाजूला जोडटायर. वर सरकणारा फ्लॅटबेड, आणि मागे दुसऱ्या गाडीची चाकं उचलून ओढायची लिफ्ट. टायर साइज ७.५०-१६, ट्यूब-फ्लॅपवाले (फ्लॅप म्हणजे ट्यूबखालची रबरी पट्टी), आणि चाकाची लोखंडी डिस्क रिंगवाली, म्हणजे टायर धरायला काढता येणारी रिंग असलेली. काम जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, बोरघाटात, खोपोली-पेण आणि खोपोली-पाली रोडला. अर्धा वेळ गाडी रिकामी पळते, अर्धा वेळ भरलेली, आणि भरलेली असते तेव्हा बहुतेक घाटातच असते. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे चार महिने गाडी साइडपट्टीच्या चिखलात उतरूनच काम करते, आणि तिथे खडी, तुटलेली काच, पत्रा काय काय असतं ते टोइंगवाल्यालाच माहीत.

टोइंगच्या गाडीला साध्या मालट्रकपेक्षा एक त्रास जास्त असतो. जागेवर खूप वळावं लागतं. रिव्हर्स, पुढे, परत रिव्हर्स, आणि जोडटायर जागेवर वळताना आतला आणि बाहेरचा टायर वेगळ्या गोलाईने फिरायला बघतात पण दोघं एकाच हबला आवळलेले, मग घासतात दोघंही. नुसत्या किलोमीटरवरून या टायरचं आयुष्य मोजता येत नाही.

काय होत होतं

जानेवारी ते ऑगस्ट, आठ महिन्यांत मागचे पाच टायर गेले. दोन फुटले, एकाचा वरचा नक्षीचा पट्टाच सुटला, दोघांच्या साइडवॉल, म्हणजे बाजूच्या भिंती, कापल्या गेल्या. सगळे नायलॉन, म्हणजे आत नायलॉनच्या दोऱ्यांचे तिरके थर असलेले, वेगवेगळ्या कंपनीचे, एक तर रिमोल्ड होता, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट व्हायची, गेलेला टायर काढायचा, त्या जागी जो मिळेल तो टाकायचा, गाडी कामाला लावायची. मी वहीत लिहायचो "मागचा टायर १" आणि पुढे रक्कम. कुठला, डावा की उजवा, आतला की बाहेरचा, किती किलोमीटरवर गेला, काही नाही.

जुलैमधली रात्र मात्र वेगळी होती. पाठीवर एक एसयूव्ही, मागे लिफ्टवर एक छोटी हॅचबॅक, पाऊस, आणि गाडी घाट चढत होती. एसयूव्हीवाला माणूस आणि त्याची मुलगी केबिनमध्येच बसलेली. शिंगरोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे डाव्या बाजूचा बाहेरचा टायर फुटला, गाडी डावीकडे बसली आणि मागची हॅचबॅक झोका खाऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत आली. ड्रायव्हर दादांनी ब्रेकवर पाय दाबून न ठेवता गियरवर गाडी धरली आणि हळूहळू कडेला घेतली. मागून येणारा ट्रक हळू होता म्हणून निभावलं. मी रात्री एकला तिथे पोचलो तेव्हा ती मुलगी शिंगरोबाच्या पायऱ्यांवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, आणि दादा म्हणाले, "आतल्यात हवाच नव्हती रे, बघ हात लावून."

खरंच नव्हती. आतला टायर आधीच बसलेला होता, किती दिवस कोण जाणे. बाहेरचा एकटा दोघांचं वजन घेऊन पळत होता. जोडटायरमध्ये हाच धोका आहे, एक बसला तरी गाडी उभी दिसते, आणि आतला तर वाकल्याशिवाय दिसतच नाही.

पहिला निर्णय, जो चुकला

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ, म्हणजे गाडीचे मालक, म्हणाले, सर्वात दणकट असेल तो नवा टायर टाका, पैशाचं बघू. मी जाड लगचा, म्हणजे आडव्या जाड गुटक्यांच्या नक्षीचा, आणि जास्त पीआरचा (टायरच्या ताकदीचा आकडा) नवा नायलॉन आणला आणि डाव्या बाजूला बाहेर टाकला. आत जुनाच, अर्धा झिजलेला, पण त्यातल्या त्यात चांगला बघून.

अकराव्या दिवशी त्या नव्या टायरच्या नक्षीचे तुकडे उडायला लागले.

मला वाटलं टायरच खराब निघाला. विक्रेत्याशी वादही घातला, त्याचं मला आज वाईट वाटतं. टायर काढल्यावर पंक्चरवाल्या चाचांनी दोन्ही टायर जमिनीवर शेजारी उभे केले, वर एक सरळ पट्टी ठेवली आणि म्हणाले, "ये देख, तिरछी है." पट्टी तिरकी बसली होती, मुद्दा तिथेच कळला.

नव्या टायरची नक्षी जुन्यापेक्षा ८ मिलिमीटर जास्त खोल होती. म्हणजे व्यासात १६ मिलिमीटरचा फरक. या साइजला, म्हणजे ८.२५ पर्यंतच्या टायरला, जोडीतल्या दोघांच्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको असतो. १६ च्या फरकाने घेरात ५० मिलिमीटर फरक पडतो, चाक एका किलोमीटरला चारशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे दर किलोमीटरला लहान टायर २० मीटर नुसता फरफटतो. खोपोलीहून लोणावळा १५ किलोमीटर धरलं तर एका चढाईत ३०० मीटर फरफट. आणि मोठा टायर? त्याच्यावर त्याच्या वाट्यापेक्षा जास्त वजन, म्हणून तो तापतो, आणि तापलेल्या जाड लगचे तुकडे पडतात. मी जितका दणकट टायर आणला तितकी जोडी बिघडवली.

वजनकाट्यावर

इथून पुढे मी शेठना एकच मागितलं, एक दिवस द्या, टायर नंतर घेऊ. शेठ तयार नव्हते कारण पावसाळा म्हणजे टोइंगचा सीझन, पण जुलैची रात्र ते विसरले नव्हते. आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली आणि नेहमीसारखं पूर्ण वजन न करता आधी पुढची चाकं, मग मागची चाकं अशी वेगवेगळी चढवली. रिकामी गाडी पुढे १,६५० किलो, मागे २,२५०. पाठीवर १,९०० किलोची एसयूव्ही चढवल्यावर पुढे २,०५०, मागे ३,७५०. इथपर्यंत ठीक.

मग मागे लिफ्टवर हॅचबॅकचं तोंड उचललं. लिफ्टच्या हुकावर आलेलं वजन साधारण ७५० किलो. मला वाटलं मागे तेवढंच वाढेल. मागे वाढलं जवळजवळ १,१८०, आणि पुढचं उलट कमी झालं ४३० किलोने. हे तरफेचं गणित आहे, हुक मागच्या धुरीच्या, म्हणजे ॲक्सलच्या, १.९ मीटर मागे, दोन धुऱ्यांमधलं अंतर ३.३ मीटर, म्हणून मागे लटकलेलं वजन पुढचं तोंड उचलतं आणि तेही मागच्याच चार टायरवर येऊन पडतं. एकूण मागे ४,९३० किलो.

आता टायरकडे बघा. साइडवॉलवर १२२/११८ असा आकडा असेल तर पहिला एकटा टायर लावल्यावरचा, दुसरा जोडीत लावल्यावरचा. १२२ म्हणजे १,५०० किलो, ११८ म्हणजे १,३२०. जोडीत कमी का, कारण दोघं कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत आणि मधल्या फटीत उष्णता कोंडते. चार गुणिले १,३२० म्हणजे ५,२८०, आमचं वजन ४,९३०, कागदावर कसंबसं बसतं. पण जुलैच्या रात्री डाव्या बाजूचे २,४६५ किलो एकट्या बाहेरच्या टायरवर होते, आणि एकटा टायर धरला तरी तो १,५०० चाच. त्यात वळण, त्यात रस्त्याचा उतार डावीकडे. फुटणारच होता.

आणि एकूण गाडी ६,५५० किलो भरत होती, आरसीवरच्या वजनाच्या वर. काट्याची पावती हातात घेऊन शेठ बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे डबल उचल बंद?" मी हो म्हणालो. टायर कितीही भारी घेतला तरी धुरी, पाटे, ब्रेक तेच राहतात ना. हा निर्णय सगळ्यात जड होता, कारण एका फेरीत दोन गाड्या म्हणजे डबल पैसे. शेवटी असं ठरलं, पाठीवर मोठी गाडी असेल तर मागे काही नाही, मागे ओढायचं असेल तर पाठ रिकामी.

काय काय पर्याय होते

आता टायरचं. आम्ही चार-पाच गोष्टी खरंच तोलून बघितल्या.

शेठच्या मनात ८.२५-१६ होता. मोठा टायर, जास्त वजन घेतो, बरेच जण टाकतात. पण ७.५० ची रुंदी २१५ मिलिमीटरच्या आसपास, ८.२५ ची २३५ च्या, आणि डिस्क तीच ठेवली तर जोडीतल्या दोन टायरच्या मध्यांमधलं अंतर तेच राहणार. आमच्या गाडीत ते २४५ मोजलं. म्हणजे आत्ता फट ३० मिलिमीटर, ८.२५ टाकल्यावर १०, आणि वजन आल्यावर टायरचं पोट खाली फुगतं ते वेगळंच. दोन साइडवॉल एकमेकांना लागल्या की घासून घासून दोन्ही मरतात. आमच्या कापलेल्या दोन टायरपैकी एकाला आतून तसाच घासल्याचा पट्टा होता, तो एकदा कुणाकडून तरी घाईत घेतलेला ८.२५ होता हे नंतर आठवलं. शिवाय व्यास पाचेक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे बेड अडीच सेंटीमीटर वर, खालून बसक्या गाड्या चढवताना बंपर घासतो, आणि घाटात इंजिनला ओढ जास्त. बाद.

रिमोल्ड. स्वस्त पडतो आणि मागच्या चाकाला चांगल्या केसिंगवर, म्हणजे टायरच्या मूळ सांगाड्यावर, केलेला रिमोल्ड काही वाईट नसतो, एसटीपासून सगळे वापरतात. पण बाजारातून घेतलेल्या रिमोल्डचं आतलं केसिंग कुठल्या गाडीवर, किती कमी हवेत पळालंय ते कळत नाही. ज्याचा पट्टा सुटला तो असाच घेतलेला. स्वतःचं केसिंग असेल तर पुढे विचार करू, असं ठेवलं.

१७.५ इंचाच्या डिस्क आणि ट्यूबलेस. रिंगवाल्या डिस्कवर ट्यूबलेस चालत नाही, हवा रिंगमधून जाणार. सातही डिस्क बदलायच्या म्हणजे खर्च हाताबाहेर. पैसे असते तर मी हेच केलं असतं, कारण ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर बहुतेक वेळा हवा हळू जाते, आणि ट्यूब व्हॉल्वपाशी फाटली तर एका क्षणात सगळी.

उरले दोन, नायलॉन की रेडियल, म्हणजे आतले दोरे तिरके नसून काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असलेला. चाचा नायलॉनच्या बाजूने होते आणि त्यांचं कारण खरं होतं, नायलॉनची साइडवॉल जाड, दगड-काच सोसते, आणि आमचं काम साइडपट्टीवरचं. रेडियलची साइडवॉल मऊ. पण रेडियल कमी तापतो, नक्षी सपाट टेकते म्हणून झीज हळू, आणि आमचे बहुतेक टायर कापून कमी आणि तापून जास्त गेले होते. हे मी नुसतं आठवणीवर म्हणालो नाही, चाचांच्या दुकानामागे पडलेले तीन जुने टायर आम्ही आतून तपासले, तिघांच्याही आत रबराची काळी भुकटी आणि सुरकुत्या, म्हणजे कमी हवेत पळाल्याची खूण. ते बघून चाचाच म्हणाले, रेडियल डालो, लेकिन हवा रोज देखना.

नक्षीबद्दल थोडं. पुढच्याला सरळ रेघांची रिब आणि मागच्याला लग, हा साधा हिशेब आहे. पण पूर्ण लग डांबरावर जास्त तापतो आणि आमची गाडी चिखलात दहा मिनिटं, डांबरावर दोन तास. नुसती रिब घेतली असती तर पावसात रिकामी गाडी चिखलातून निघताना मागून फिरते, मागे वजनच नसतं. म्हणून सेमी-लग घेतला, मधे रेघ आणि कडेला गुटके.

काय केलं

सप्टेंबरमध्ये चार नाही, पाच टायर घेतले. यावर परत एकदा शेठशी बोलणं झालं, स्टेपनी जुनी नायलॉन आहे की, पाचवा कशाला. पण एका धुरीवर रेडियल आणि नायलॉन एकत्र चालत नाही, दोघांची लवचिकता वेगळी, आणि स्टेपनी लागते ती बहुतेक मागच्यालाच. पाचही एका कंपनीचे, एका नक्षीचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके कुठल्याही चांगल्या कंपनीचा या साइजचा टायर चालला असता. आम्ही बघितला तो साइडवॉलवरचा चार आकड्यांचा कोड, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही त्याच वर्षातले आणि दोन-तीन आठवड्यांच्या आतले घेतले. ट्यूबही रेडियलचीच, फ्लॅप नवे. पुढे नायलॉन रिब तसेच ठेवले, मागे रेडियल आणि पुढे नायलॉन चालतं, उलटं मात्र कधीच करू नये, वळताना गाडी मागून सुटते.

बसवताना डिस्कच्या टेकणाऱ्या जागा तारेच्या ब्रशने गंज आणि रंग काढून साफ केल्या, नाहीतर नट आवळल्यासारखे वाटतात आणि दोन दिवसांत ढिले होतात. आतल्या आणि बाहेरच्या टायरचे व्हॉल्व समोरासमोर, म्हणजे एक वर तर दुसरा खाली असे ठेवले, आतल्याला लांब नळी लावली म्हणजे बाहेरूनच हवा बघता येते. शंभर किलोमीटरवर नट परत आवळले.

आणि रोज सकाळी गाडी गार असताना सहाही चाकांची हवा मीटरने. ठोकून नाही. दादांना वीस वर्षांची सवय, लोखंडी पान्याने ठोकून आवाजावरून सांगायचे. मी मीटर आणून दिला, पहिल्या दिवशी त्यांनी ठोकून चारही ठीक सांगितले आणि मीटरने बघितलं तर त्यातला एक ९५ पीएसआयच्या जागी ७० होता. वीस टक्क्यांपेक्षा जास्त हवा कमी म्हणजे तो टायर पंक्चरच धरायचा, काढून आतून बघायचा. दादा त्यानंतर कधी ठोकून थांबले नाहीत, आणि मला यात त्यांचं मोठेपण वाटतं.

पुढे काय झालं

चौदा महिन्यांत ३१,००० किलोमीटर झाले. एकही टायर फुटला नाही. नक्षी १४ मिलिमीटरवरून साडेसहावर आली आहे, चारही साधारण सारखी, कारण दर आठ हजारांवर आतले-बाहेरचे बदलतो आणि थोडा फरक असला तर मोठा टायर बाहेर ठेवतो, रस्त्याच्या मधल्या फुगीरपणामुळे आतल्यावर वजन जास्त येतं म्हणून. आधीचे नायलॉन, वहीत आकडा नाही पण अंदाजाने, पंधरा हजारही गाठत नव्हते.

पण सगळं चांगलं झालं असं नाही. नोव्हेंबरमध्ये उजवीकडच्या आतल्या टायरची व्हॉल्वची लांब नळी ढिली झाली, रात्रीत हवा ४० वर आली आणि त्या दिवशी दादा सुट्टीवर होते, बदली ड्रायव्हरने हवा न बघता गाडी पेणपर्यंत नेऊन आणली. टायर बाहेरून नवाकोरा. शेठ म्हणाले हवा भरा आणि चालवा, दोन महिनेही झाले नाहीत. आम्ही काढून बघितला, आत भुकटी आणि साइडवॉलला आतून सुरकुती. रेडियलच्या साइडवॉलमध्ये पोलादी तारा असतील तर कमी हवेत पळाल्यावर त्या आतल्या आत तुटतात आणि परत हवा भरताना साइडवॉल चेन उघडल्यासारखी फाटते, भरणारा माणूस समोर असतो. रिंगवाल्या डिस्कवर तर रिंगही उडते. भरणार होते चाचा. मी टायर तिथेच सुऱ्याने कापला, शेठ दोन दिवस बोलले नाहीत. स्टेपनी जोडीत गेली, ती नवीच असल्यामुळे व्यास जुळला, आणि पाचवा टायर का घेतला त्याचं उत्तर तिथे मिळालं. स्टेपनीच्या जागी नवा घेतला.

दुसरा गेला दगडाने. पाली रोडला खडीतून निघताना जोडीच्या फटीत दगड अडकला आणि चार किलोमीटरमध्ये बाहेरच्याची आतली साइडवॉल खाल्ली. इथे चाचा बरोबर होते, नायलॉन कदाचित वाचला असता. तोवर दोन्ही बाजू बऱ्याच झिजल्या होत्या, नवा टायर जुळला नसता, म्हणून स्टेपनी मोजून बघितली, व्यासातला फरक ६ मिलिमीटरच्या वर आला, आणि मग जोडीत उरलेल्या टायरएवढाच झिजलेला रेडियल शोधायला आठ दिवस गाडी उभी राहिली. आता साइडपट्टीवरून डांबरावर आलं की गाडी थांबवून दोन्ही जोड्यांमध्ये टॉर्च मारायचा, हे ठरलेलं आहे.

आता करायचं तर

वही आधी सुधारली असती. आठ महिने मी नुसत्या रकमा लिहिल्या. टायरचा नंबर, जागा, किलोमीटर, काढल्याचं कारण, एवढी चार घरं असती तर तिसऱ्या टायरलाच दिसलं असतं की गडबड आतल्या टायरच्या हवेची आहे, आणि ती मुलगी पावसात त्या पायऱ्यांवर बसली नसती.

वजनकाटा टायर घेण्याआधी, फुटल्यावर नाही. एका पावतीचा खर्च आहे. लिफ्टवर गाडी उचलून काट्यावर नेणारा टोइंगवाला मी दुसरा बघितला नाही.

स्टेपनी नुसती लटकवून ठेवली ही चूक आहे. ती पण फिरवायला हवी, म्हणजे पाचही सारखे झिजतात आणि अडचणीच्या दिवशी जोडी जुळते. आठ दिवस गाडी उभी राहिली ती यामुळेच. पुढचा सेट आला की पहिल्या आठ हजारांपासून पाच टायरचं चक्र लावणार आहे.

व्हॉल्वच्या लांब नळ्या स्वस्तातल्या घेतल्या होत्या, रबरी. आता धातूच्या, डिस्कला टेकू देऊन बांधलेल्या लावल्यात. बदली ड्रायव्हरच्या हातात चावी देताना हवेच्या आकड्यांचा कागदही देतो, सही घेतो.

पुढचा निर्णय जवळ आलाय. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालवता येतं, पण घाटात पावसात मी ४ च्या खाली मागचे टायर ठेवणार नाही. तेव्हा या केसिंगचा इतिहास आपल्याला माहीत असेल, कधी किती हवेत पळाले ते वहीत आहे, म्हणून यातले जे आतून स्वच्छ निघतील ते रिमोल्डला द्यायचे आणि जोडीने एकाच बाजूला लावायचे असं डोक्यात आहे. शेठ तयार आहेत. दादांना अजून रिमोल्डचा पट्टा सुटलेला आठवतो, त्यांना घाटात चालवायचंय, त्यामुळे केसिंग उघडून बघताना त्यांना शेजारी उभं करणार आहे आणि ते नाही म्हणाले तर नवेच घेणार.